‘तूच ठरव’ म्हणणारा माणूस

रविवार, ५ जानेवारी २०२५

‘तूच ठरव.’

आज परत तेच! हे दोन शब्द ऐकले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

अपेक्षा आणि हितेश आले होते. लेकीच्या लग्नाला वर्ष झालं म्हणून आम्हाला फिरायला न्यायचं म्हणतात. पंचवीस-सव्वीस जानेवारी, शनिवार-रविवार, लोणावळ्याच्या बाजूला. गाडी हितेशची. (धंद्याची नव्हे, घरातली. तरी दार उघडलं की बोंबलाचा वास येतोच. वरळी कोळीवाड्यातला जावई केला, आता तक्रार कसली!) एक रात्र राहायचं, आणि त्या बाजूचं ऐतिहासिक काय काय बघायचं ते बाबांनी सांगायचं — अपेक्षाचं म्हणणं. बरोबरच आहे. लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग, राजमाची, सगळं ह्यांच्या पायाखालचं. आम्ही तिघं ह्यांच्या तोंडाकडे बघत बसलो.

हे म्हणाले, ‘माका काय विचारतंस? तूच ठरव.’ आणि टीव्हीकडे बघायला लागले. टीव्ही बंद होता!

रघूभावजी श्रावणात गेले. शेजारची खोली. ते पोस्टात, आमचे हे गोदीत सुतार. दोघांची जोडी अशी, की लालबागच्या नाक्यावर एकटा दिसला तर लोक विचारायचे, दुसरा आजारी आहे काय? थंडी पडली की महिन्यातून एक रविवार दोघं किल्ल्यावर. आणि त्याच्या आधी आठवडाभर गॅलरीत भांडण! रघूभावजी म्हणणार लोहगड, हे म्हणणार विसापूर. ते राजमाची, तर हे तिकोना. हातवारे काय, आरडाओरडा काय! ‘तुका अक्कल नाय!’ — ‘तुझ्या बापाशीक तरी होती?’ खालच्या मजल्यावरून कोंडीराम ओरडायचे, अरे कुठला तरी एक चढा आणि आम्हाला झोपू द्या!

आता गॅलरीत कबुतरं भांडतात तेवढीच.

रघूभावजी गेल्यापासून हे कशावरूनच भांडले नाहीत. भाजी करपली — चालेल. पंखा बिघडला — असू दे. पेपर आला नाही — उद्या येईल. अख्खी चाळ म्हणते, दत्तू किती शांत झाला हो! शांत? मला नको हा शांत माणूस. मला माझा भांडकुदळ नवरा परत पाहिजे.

ठरलं. ह्या सहलीवरून ह्यांना एकदा तरी कडकडून भांडायला लावीन. नाही लावलं तर नावाची मंजुळा नाही!


मंगळवार, ७ जानेवारी

शाळेतून आल्या आल्या कार्यक्रम लिहून कॅलेंडरच्या खिळ्याला टोचला. (शाळेच्या ऑफिसात आयुष्य गेलं, परिपत्रक काढायची सवय आहे.) शनिवारी सकाळी लोहगड, दुपारी विसापूर, संध्याकाळी तिकोना. रविवारी राजमाची, तुंग आणि ‘येता येता रायगड’.

येता येता रायगड! लोणावळ्याहून लालबागला येताना! ज्याने जन्मात एक टेकडी चढलीय तो हे वाचून फेफरं येऊन पडेल. मी कणीक मळत मळत वाट बघत होते, आता फुटेल, आता फुटेल.

ह्यांनी चष्मा लावला. नीट वाचलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. म्हणाले, ‘बरां आसा. पाणी जास्त घे.’

पाणी जास्त घे! कणकेला असे बुक्के मारले की पोळ्या आज फारच मऊ झाल्या.


गुरुवार, ९ जानेवारी

नवा डाव. किल्ल्यांची नावं टाकून उपयोग नाही, इतिहासच चुकवायचा. चुकीचं सांगितलेलं कुठल्याही किल्लेवाल्याला सहन होत नाही. भात वाढताना सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘अहो, तानाजी मालुसरे विसापूर घेतानाच पडले ना?’

चौथीतल्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी सिंहगड म्हणेल!

हे म्हणाले, ‘असेल.’ आणि ताक मागितलं.

असेल?! देवापुढे दिवा लावताना तानाजींची माफी मागितली. म्हटलं महाराज, नवऱ्यासाठी करतेय, सांभाळून घ्या.


रविवार, १२ जानेवारी

हितेश सुरमई घेऊन आला. स्वतः निवडून, साफ करून. पोरगा गुणाचा आहे, फक्त त्याला माझा बेत सांगायचा राहून गेला होता.

जेवताना मी म्हटलं, ‘लोहगडाची ती लांब सोंड आहे ना, विंचूकाटा, तो बाजीप्रभूंनी बांधला.’ हितेशचा घास हातातच राहिला. ‘आई, बाजीप्रभू तर पावनखिंडीत —’ मी त्याच्या ताटात आणखी एक तुकडी आपटली. ‘गप खा रे!’

मग अपेक्षाने त्याला स्वयंपाकघरात नेऊन कानात सगळं सांगितलं. बाहेर आला तो चेहरा गंभीर करून. म्हणतो, ‘बाबा, शाहिस्तेखानाची बोटं लोहगडावरच तुटली ना? अजून सापडतात म्हणे कुणाकुणाला.’

माझ्या नाकातून सोलकढी यायची बाकी राहिली! अपेक्षा तोंडाला पदर — म्हणजे ओढणी — लावून आत पळाली.

आणि हे? जावयाकडे मायेने बघितलं नि म्हणाले, ‘सावकाश जेवा. काटे आहेत.’

हसून हसून पोट दुखलं, पण भांडी घासताना रडू आलं. असं कसं झालं ह्या माणसाचं? रघूभावजी असते तर शाहिस्तेखानाच्या बोटांवरून चाळ दणाणली असती.

हितेशची मात्र एक अट आहे. त्या बाजूला जायचं तर पहिली कार्ल्याची आई एकवीरा. ‘तिच्या पायाशी न जाता पुढे गेलो तर आई मला घरात घेणार नाही. आधी आमची आई, मग तुमचा इतिहास!’ म्हणजे शनिवारची सकाळ गेली. गेली तर गेली. देवीचं काही खोटं नाही, आणि विहिणीशी वाकडेपणा कोण घेणार? ओटीचं सामानसुद्धा त्या तिकडून पाठवणार आहेत. विश्वास नाही वाटतं आमच्या लालबागच्या नारळांवर!


मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

मीरावहिनींना तिळगूळ द्यायला शेजारी गेले. रघूभावजींच्या मागे त्यांची ही पहिली संक्रांत. दार लोटलेलं, आत अंधार करून बसल्या होत्या. हळदीकुंकवाला आपल्याला कोण बोलावणार, म्हणून आपणच कोपऱ्यात! मी हात धरून घरी आणलं, सगळ्या बायकांमध्ये बसवलं, वाण दिलं. पलीकडच्या आनंदीबाईंनी नाक मुरडलं. मुरडू दे. त्यांचं नाक आधीपासूनच वाकडं आहे.

म्हटलं, वहिनी, सहलीला चला. तर आधी गुडघे, मग नळाचं पाणी, मग मांजर. शेवटी म्हणाल्या, ‘येते गं. आमचे हे ज्या किल्ल्यांवर जायचे ते निदान खालून तरी बघीन. मला कधी नेलं नाही मेल्यांनी.’

मला तरी कुठे नेलं होतं! दोघी हसलो. डबे भरून द्यायला बायका, किल्ले बघायला हे दोघं.


शनिवार, १८ जानेवारी

आज आमटीत मीठच घातलं नाही. मुद्दाम. दोन वाट्या प्याले! वर म्हणाले, ‘छान झालीय.’


बुधवार, २२ जानेवारी

आज माझाच तोल गेला.

अपेक्षाचा फोन — आई, हॉटेल सांगायचंय, रविवारी लोहगड की तिकोना, नक्की कर. मी फोन ह्यांच्या कानाला लावला. ‘तू आणि आई ठरवा,’ म्हणाले.

मग मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं — ‘तुमचा मित्र गेला, मला कळतं. मला नाही दुःख झालं? पण माझा नवरा तर गेला नाही ना? मग तुम्ही गेल्यासारखे का बसलाय? तुमच्याशी नाही बोलायचं तर मी कुणाशी बोलू, कबुतरांशी?’ आणि ओट्याला टेकून रडले, अगदी लहान मुलीसारखी.

हे उठले. मला वाटलं, आता बोलतील. तर गॅलरीत गेले, दोरीवरचे कपडे काढले आणि घड्या घालत बसले. मीरावहिनींच्या दोन साड्यासुद्धा चुकून घडी करून आणल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवला नि म्हणाले, ‘रडू नको गो. जाऊया ना लोहगडला.’

इतक्या हळू आवाजात म्हणाले की मला आणखीच रडू आलं. लाज वाटते आता. पण बोलले ते बोलले.


शनिवार, २५ जानेवारी. मळवली

हॉटेलात लिहितेय. मीरावहिनी शेजारच्या पलंगावर घोरतायत. आजचं आजच लिहायला हवं, उद्यापर्यंत माझाच विश्वास बसणार नाही.

कार्ल्याच्या पायऱ्या चढताना मीरावहिनी दर वळणावर बसायच्या. हितेश डोक्यावर ओटीचं सामान घेऊन पुढे, मधेमधे ‘आई माऊलीचा उदो उदो’. वर ही गर्दी! कोळीवाडे रिकामे करून आल्यासारखे लोक. आम्ही बायका रांगेत लागलो. वळून बघते तर हे गायब.

बुधवारीच एवढं बोलले होते मी ह्यांना. इकडे बघ, तिकडे बघ — नारळवाल्याला विचारलं, चपलांपाशी बघितलं. शेवटी वहिनींना रांगेत अपेक्षाच्या हवाली केलं आणि देवळाला लागूनच ते लेणं आहे तिथे गेले. दारातल्या माणसाला विचारलं, एक उंच म्हातारे, चौकड्यांचा शर्ट? तो वैतागून म्हणाला, ‘तुमचे आहेत काय? घेऊन जा. केव्हाचे आत झोपलेत!’

धावतच आत गेले. मोठ्ठं लेणं, दोन्ही बाजूंना खांब, शेवटी स्तूप. आणि मधोमध, फरशीवर, हे! उताणे. डोक्याखाली टोपी. लोक बाजूने जातायत, पोरं हसतायत. मी ‘अहो!’ म्हणून ओरडले.

हे छतावरची नजर न काढता म्हणाले, ‘ओरडतंस कित्याक? हय ये. वर बघ.’

केवढ्या दिवसांनी मला काहीतरी कर म्हणाले! मी वर बघितलं. दगडाचं कमानदार छत, आणि त्याला आतून लाकडाच्या फासळ्या. एकामागून एक, पार शेवटपर्यंत.

‘लाकूड आहे, मंजू. दोन हजार वर्षांचं, बाहेर पाटीवर लिवलंय. छत दगडाचं. त्याला लाकडाचा टेकू कशाला पाहिजे? नकोच. पडायचं नाही ते. तरी कुणी तरी एवढ्या उंचीवर चढून वाकवून वाकवून बसवलंय बघ. आणि सांधा बघ, सांधा!’ — आणि मग सांधे, तासणं, सागाच्या रेषा, काय काय बोलत सुटले. मला निम्मं कळलं नाही. मी फक्त तोंडाकडे बघत होते. दारातला तो माणूस परत ओरडला, तर म्हणतात कसे, ‘एक मिनिट थांब रे! दोन हजार वर्षं थांबलंय ते, तू एक मिनिट थांब!’

मी त्यांच्याशेजारी फतकल मारून बसले. म्हटलं, ‘एवढं आवडतं तर इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत? ह्याच बाजूला तर यायचात.’

‘खालून जायचो. एकदाच वर आलो होतो, पाच मिनिटं. रघूला लेण्यांत गोडी नव्हती, त्याला किल्ला गाठायची घाई. त्याचा हिरमोड कशाला करायचा?’

‘मग म्हणायचं होतं, तू जा किल्ल्यावर, मी इथे थांबतो.’

हे उठून बसले. टोपी झटकली. आणि म्हणाले, ‘मंजू, मला किल्ल्याचं कधीच काही नव्हतं गो.’

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

‘सगळे किल्ले मला सारखेच. भिंत, दरवाजा, पाण्याचं टाकं, परत भिंत. चढताना दम लागायचा. रघूला वेड होतं. तो वर गेला की असा बोलायचा — कोण कुठून आला, कुठे लढला — मला ते ऐकत बसायला आवडायचं. त्यासाठी जायचो.’

‘आणि गॅलरीतली भांडणं?’

‘त्याला भांडायला कुणी नको? तो लोहगड म्हणाला की मी विसापूर म्हणायचो. माझं काय जात होतं? भीती एकच, हा कधी ‘बरं, चल विसापूर’ म्हणाला तर! दोन्हीपैकी उंच तोच आहे.’

हसावं की रडावं! मग मला माझी सगळी मेहनत आठवली. ‘अहो, मग ते तानाजी? तानाजी तरी ठाऊक होते ना?’

‘तानाजी सिंहगड! एवढा काय मी मूर्ख आहे? मला वाटलं, तुझंच काहीतरी बिघडलं. येता येता रायगड म्हणतेस, तानाजींना विसापूरला मारतेस. त्यात आमटीत मीठ विसरलीस. मी अपेक्षाला फोन करणार होतो, आईला डॉक्टरकडे ने म्हणून. चारचौघांत बायकोला कशाला खोटं पाडा?’

‘आणि शाहिस्तेखानाची बोटं?’

‘जावयाला कोण बोलणार!’

म्हणजे हा माणूस इतके दिवस मला सांभाळून घेत होता! मी त्यांच्या दंडावर दोन चापट्या मारल्या, तिथेच, दोन हजार वर्षांच्या लेण्यात. हसले. मग हसता हसता थांबले, आणि हळूच म्हणाले, ‘रघू नाही, तर आता किल्ल्यावरून भांडून करू काय? मला किल्ला नकोच होता. मला रघू हवा होता.’

मी त्यांचा हात धरून बसून राहिले. बाहेर हितेश आम्हाला हाका मारत होता.


रविवार, २६ जानेवारी

किल्ला रद्द. म्हणजे आमचा. अपेक्षा आणि हितेश लोहगड चढून आले. आम्ही तिघं सकाळी भाज्याच्या लेण्यांत, तिथेही लाकडाच्या फासळ्या आहेत! हे उताणे झोपले, ह्या खेपेला मीसुद्धा. मीरावहिनी म्हणाल्या, तुम्हा दोघांना काय झालंय ते मला नका सांगू, आणि लांब जाऊन बसल्या.

मग पायथ्याला चहा. वहिनी डोळ्यांवर हात धरून लोहगडाकडे बघत होत्या. ‘एवढा उंच? बाई गं.’ ह्यांनी त्यांना भजी आणून दिली आणि स्वतः पाठमोरे बसले. त्यांच्यासमोर कालचं काही बोलले नाहीत. मीही नाही.

येताना विचारलं, जेवायला कुठे थांबायचं? ‘तूच ठरव.’

म्हणजे परत तिथेच! कालपासून मोकळे झालेत, खरं आहे, हसतातही. पण ते भांडण, तो आवाज, तो काही परत येणार नाही. तो रघूभावजींचा होता, माझा नव्हे. मी हरले. असू दे. माणूस तर आहे.


सोमवार, २७ जानेवारी

संध्याकाळी मीरावहिनी चहाला आल्या आणि मला राहवलं नाही, लेण्यातलं सगळं सांगून टाकलं. त्यांनी कप खाली ठेवला.

‘अगो काय सांगतंस! आमच्या ह्यांचं तेच! किल्ल्यावरून आले की परातीत गरम पाणी घालून पाय बुडवून बसायचे. टाचा ठणकायच्या. मी म्हणायची, नका ना जाऊ! तर म्हणायचे, दत्तूला वेड आहे, त्याला नाही कसं म्हणू? आणि शुक्रवार-शनिवार वाचत बसायचे. वर गेल्यावर दत्तूला सांगायला काहीतरी पाहिजे ना!’

हे दारात उभे होते. सगळं ऐकलं असणार. चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. तरातरा गॅलरीत गेले.

‘रघ्या! मेल्या! तीस वर्सां माका डोंगरार चढवलंस! तुका नको होता तर तोंडान सांगूक काय झाला होता? माका पण नको होता रे!’

सगळी चाळ बाहेर आली. हातवारे काय, आरडाओरडा काय! मधेच रघूभावजींच्या बाजूनेही तेच बोलत होते, आणि त्यालाही उत्तर देत होते. डोळ्यांतून धारा चाललेल्या, आवाज मात्र पूर्वीचा. कुणीतरी थांबवायला पुढे आलं, त्याला मीरावहिनींनी हाताला धरून मागे ओढलं.

‘भांडू दे त्यांना,’ म्हणाल्या.